पोरीला वाटी लावलं

सिनेमाला जायचं ठरलं की आमच्या घरात पहिला वाद खुर्चीवरून होतो, कारण मला कडेची खुर्ची लागते. कडेची म्हणजे दाराच्या बाजूची. लेक म्हणते, "आई, तू पिक्चर बघायला येतेस का दाराची राखण करायला?" ती तेरा वर्षांची आहे, तिला सगळ्यात गंमत दिसते, दिसो. मी नांदेडला एका क्लासमध्ये पंधरा वर्षं जीवशास्त्र शिकवते आहे आणि तिथंही फळ्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत शिकवते. पोरांनी माझं नाव 'येरझारा मॅडम' ठेवलंय. त्यांना वाटतं मला ते माहीत नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत लेकीच्या हट्टानं एक सिनेमा बघायला गेलो. कुणाचा, कुठला, ते सोडून देऊ. एका खेड्यातली मुलगी हरवते, बाप तक्रार द्यायला ठाण्यात जातो आणि ठाणं त्यालाच बसवून घेतं. साहेब खुर्चीत रेलून विचारतो, "शेवटचं तिला कुणी पाहिलं?" बाप भाबडेपणानं सांगतो, "मीच की." एवढं झालं आणि मी उठले. एक चप्पल पायात होती, दुसरी सापडेना, ती लेकीनं मागून आणून दिली.

"आई, आत्ता तर सुरू झालाय."

"पुढं काय होतं ते मला माहीत आहे."

"तू बघितलायस?"

"हो," मी म्हटलं. ते पूर्ण खोटं नव्हतं. हरवलेली मुलगी मी होते. आणि मुलगी सापडल्यावर काय होतं, हे त्या सिनेमावाल्यांपेक्षा मला जास्त माहीत होतं. लेक पुन्हा आत गेली. मी बाहेर, मक्याच्या लाह्यांच्या वासात, सिनेमा सुटेपर्यंत फेऱ्या मारत राहिले आणि त्या दिवशी ठरवलं की आता मामांकडं जायचं आणि सांगून टाकायचं. वीस वर्षं झाली होती. मामा सत्तरीच्या पुढं गेले होते आणि मी अजून ठरवतच होते.

माझे आईवडील भूकंपात गेले. आमच्या भागात एवढं म्हटलं की पुरतं, कोणता भूकंप ते कुणी विचारत नाही. मी सहा वर्षांची होते. मामांचं गाव निलंग्याच्या बाजूला, तिथं भिंतींना नुसत्या चिरा गेल्या. आमच्या गावाचं मात्र एक घर उभं राहिलं नाही. दिवस उगवायला मामा सायकल हाणत आले आणि आमच्या माळवदाची माती त्यांनी हातानं उपसली. मी बाजेखाली सापडले. यातलं मला किती आठवतं आणि ऐकून ऐकून किती आठवतंय असं वाटतं, हे सांगता येणार नाही. तोंडात गेलेली माती तेवढी माझी स्वतःची आठवण आहे.

तिसऱ्या दिवशी, कुठल्याशा शाळेच्या पडवीत, एक कारकून मेलेल्यांची यादी घेऊन बसला होता. त्यात आईबापांच्या खाली माझंही नाव होतं. मामांनी मला कडेवरून उतरवून त्याच्या टेबलावर उभं केलं.

"ही बघा, जित्ती हाय. नाव खोडा."

कारकून म्हणाला, "बघू, वरून दुरुस्ती येईल."

"वरून काय यायचं ते आलं," मामा म्हणाले. "तुमी खोडा." आणि त्यानं रेघ मारेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मामा चौथी शिकलेले. सही येते, पण कचेरीची भाषा डोक्यावरून जाते. तरी कागदावरचं नाव म्हणजे काय असतं हे त्यांना पक्कं कळत होतं. ही गोष्ट त्यांनी पुढं शंभरदा सांगितली, पाव्हण्यारावळ्यांत, माझ्यासमोर, मला लाज वाटेपर्यंत. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. मी त्यांचीच झाले.

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि गावानं मला परस्पर डॉक्टर करून टाकलं. तेव्हा लातूर पॅटर्नचा असा काही डंका होता की पोरगं हुशार निघालं की त्याला लातूरला नेऊन टाकायचं, पुढचं लातूर बघून घेईल. गल्लोगल्ली क्लास, क्लासवर होस्टेल, होस्टेलखाली मेस आणि झेरॉक्स. माझं होस्टेल तीन मजली होतं, नवं कोरं, भिंतींना अजून सिमेंटचा वास. आम्हाला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, एका खोलीत सहा जणी. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार होतं आणि अभ्यासाच्या तासांना रेक्टरबाई त्याला बाहेरून कुलूप लावायच्या.

मला ते कुलूप सहन व्हायचं नाही. पुस्तक उघडलं की डोळे जाळीकडं. शेजारच्या खोलीत कुणी खाट सरकवली की मी उठून उभी. एकदा धीर करून बाईंना सांगितलं की मला कुलपाची भीती वाटते, मी भूकंपातली आहे. त्या म्हणाल्या, "भूकंप होऊन दहा वर्षं झाली. पोरी पळून जाऊ नयेत म्हणून कुलूप असतं, तुझ्या एकटीसाठी काढू का?" वाईट बाई नव्हत्या त्या. शंभर पोरींचे आईबाप त्यांना कुलूप आहे ना, म्हणूनच विचारायचे.

अभ्यास कुठून होणार? आमच्या क्लासमध्ये मार्कांप्रमाणे तुकड्या होत्या आणि दर परीक्षेनंतर यादी दारावर लागायची. पहिल्या तुकडीतून मी तिसरीत गेले, तिसरीतून पाचवीत. पाचवीतल्या पोरांना मास्तर नावानं हाक मारत नसत. हे मी मामांना सांगितलं नव्हतं. ते पारावर बसून मी कुठल्या रोगाची डॉक्टर व्हावी यावर लोकांची मतं घेत होते.

अशात पंचमी आली. नागपंचमीला आमच्याकडं लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना परत वाटी लावतात. वाटी लावणं म्हणजे लेकीला निरोप देऊन वाटेपर्यंत सोडायला जाणं. नुसतं 'जा' म्हणायचं नाही. बरोबर जायचं, पिशवी आपण घ्यायची, वाहनात बसवायचं आणि ते दिसेनासं होईपर्यंत उभं राहायचं. जाणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. आता हा शब्द पुसट होत चाललाय. माझ्या लेकीला वाटी म्हणजे आमटीची एवढंच ठाऊक. पण तेव्हा घराघरात होता.

पंचमी झाल्यावर निलंग्याचा स्टँड भावांनी आणि बहिणींनी भरून गेला होता. कुणी डोळ्याला पदर लावलेला, कुणी खिडकीतून डबा आत देतंय. त्या गर्दीत मी मामांना म्हटलं, "मामा, मला न्हाई जायचं."

मामा हसले. "पोरी वाटी लावताना रडत्यातच. तुजी आई बी रडायची. चार दिस झाले की इसरती."

"मी खरं म्हणायले."

"म्हण की. बसून म्हण." त्यांनी माझी पिशवी आत ठेवली, मला खिडकीपाशी बसवलं, भाकरी-चटणीचं फडकं मांडीवर दिलं. बस निघाली. मी मागं वळून बघितलं नाही, राग म्हणून नाही, रीत म्हणून. त्यामुळं ते किती वेळ उभे राहिले ते मला दिसलं नाही.

लातूरला उतरले. होस्टेलच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिसऱ्या मजल्यावरची जाळी खालून दिसत होती. मी वळले आणि स्टँडवर परत येऊन नांदेडच्या गाडीत बसले. काही ठरवलं नव्हतं. माझी एक मावशी, आईची चुलत बहीण, अर्धापूरच्या पुढं मळ्यात राहायची, आणि मळ्याला जिना नसतो, एवढंच डोक्यात होतं.

मावशीला सांगितलं, "कॉलेजला चार दिवस सुट्टी आहे." मावशी म्हणाली, "बरं केलंस आलीस ते. आम्ही इथं एकटेच पडून राहिलो." तिनं काही विचारलं नाही. तिच्या घरी फोन नव्हता. मी चार दिवस केळीच्या बागेत हिंडले, ओसरीवर झोपले, चारी बाजूंनी वारा येत होता. त्या आधीच्या दोन महिन्यांत मला अशी झोप लागली नव्हती. ते माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू. मी झोपले होते तेव्हा मामांना मारत होते.

ते असं झालं. मी आले नाही म्हणून होस्टेलनं दुसऱ्या दिवशी गावातल्या किराणा दुकानात फोन केला. मामा आणि मामी तसेच उठून लातूरला आले आणि मामा आपल्या पायानं ठाण्यात गेले, पोर हरवली म्हणून सांगायला. मामी दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली, तिथून आतलं दिसायचं, ऐकू यायचं. पुढचं सगळं मला तिनं सांगितलेलं आहे, तुकड्या-तुकड्यांनी, कधी भाकरी थापताना, कधी निवडत बसल्यावर.

आत होस्टेलचे मालक आधीच बसलेले होते, फौजदारासमोर, चहा पीत. ॲडमिशनचे दिवस होते. होस्टेलातून पोरगी गेली असं पेपरात आलं तर पुढच्या वर्षी खोल्या कोण घेणार? त्यांनी रजिस्टर आणलं होतं. त्यात मी पंचमीनंतर परत आल्याची नोंद नव्हती, आणि ते खरंच होतं. म्हणजे होस्टेलचा प्रश्न मिटला. फौजदारानं मामांना विचारलं, "शेवटचं कुणी बघितलं तिला?"

"म्याच की. म्या तिला वाटी लावलं ना साहेब, निलंग्याला."

फौजदार बाहेरचा, पुण्याकडचा. त्याला कळेना. "कसली वाटी?"

कोपऱ्यात जबाब लिहायला जमादार बसला होता. तो आमच्याच भागातला. मामीला त्याच्या बोलीवरून ते लगेच कळलं होतं आणि तिला बरंही वाटलं होतं, आपला माणूस आहे म्हणून. त्यानं मान वर केली आणि सांगितलं, "वाट लावली म्हणायलाय, साहेब."

मामी सांगायची, मामा "न्हाई, न्हाई, वाटी, वाटी" म्हणत राहिले, आणि मालकांनी कप खाली ठेवला. जमादारानं खाली मान घालून लिहिलं: मी मुलीची विल्हेवाट लावली. त्याच्या घरात लेकी-बहिणी नव्हत्या का? पंचमीला तो कुणाला वाटी लावत नव्हता का? फौजदाराची चूक एक वेळ समजू शकते, त्याला शब्द माहीत नव्हता. ज्याला माहीत होता त्यानं साहेबाला जे हवं ते दिलं. वीस वर्षं मी त्या जमादारावर दातओठ खाल्ले. त्यातला निम्मा राग कुणावर होता ते पुढं सांगते.

मग तीन दिवस. पोरगी कुठं टाकली, विहिरीत का उसात, हे विचारायचे. तळपायावर पट्टा. मामीला बाकावर आवाज यायचा. ती म्हणाली, "वरडले न्हाईत गं. मोजायले होते." काय मोजत होते ते तिलाही कळलं नाही.

चौथ्या दिवशी मावशीच्या यजमानांनी बाजारातून पेपर आणला. आत माझा दहावीचा फोटो, दोन वेण्या, वर 'बेपत्ता'. मावशीनं फोटो बघितला, मग मला. तिनं मला मारलं नाही. "चल," म्हणाली, आणि तिच्या यजमानांनी मला लातूरला आणलं. अख्ख्या वाटेत मी एकच विचार करत होते, मामा रागावतील. फार तर बोलणं बंद करतील. सोळा वर्षांच्या अकलेला याच्यापुढचं सुचत नव्हतं.

ठाण्यात मला एकटीलाच आत घेतलं. मी उभी होते, धडधाकट, चार दिवस केळी खाऊन जरा गुटगुटीत. फौजदारानं मला खालीवर बघितलं. मी जिवंत आहे याचा त्याला आनंद झाला नाही, हे मला तेव्हाच दिसलं. आता त्याच्याकडं एक म्हातारा होत चाललेला माणूस होता, पाय सुजलेला, आणि मारायला कारण उरलं नव्हतं.

तो माझ्याशी फार चांगलं बोलला. पाणी दिलं. म्हणाला, "बाळ, तू कुणाला न सांगता गेलीस. काहीतरी कारण असेल ना. घरी काही त्रास?"

"नाही," मी म्हटलं. "होस्टेलला कुलूप लावतात."

"कुलूप सगळीकडंच असतं. घरचं सांग. मामा, मामी, आईबाप नाहीत. सख्खं कुणी नाही." मग जरा पुढं वाकून म्हणाला, "हे बघ, मामाला आज घरी न्यायचंय ना तुला? मग कागद पुरा व्हायला पाहिजे. कारण लिहिल्याशिवाय केस मिटत नाही. केस मिटली नाही तर मामा इथंच."

जमादारानं कागद आधीच लिहून ठेवला होता. माझं मराठी चांगलं होतं. मी सगळा वाचला, हे मी कुणापासून लपवत नाही. न वाचता सही केली असती तर आज बरं वाटलं असतं. त्यात होतं: मामाच्या वागण्याची भीती वाटत असल्याने मी कोणास काही न सांगता निघून गेले. पोलिसांनी मला चांगली वागणूक दिली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

मामाच्या वागण्याची भीती. त्याचा अर्थ मला कळत होता. होस्टेलातल्या पोरी असल्या गोष्टी कुजबुजायच्या. मी म्हटलं, "हे खरं नाही." जमादार म्हणाला, "खरं-खोटं कोण बघतंय माय. फायलीत पडून राहील. सही कर आन् मामाला घेऊन जा." माय म्हणाला मला.

मी सही केली. पूर्ण नाव, शाळेत शिकवलं तसं, खाली रेघ मारून.

मामांना बाहेर आणलं तेव्हा त्यांच्या चपला हातात होत्या. पायात जात नव्हत्या. त्यांनी मला बघितलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला, जसं माती झटकतात तसं. म्हणाले, "जेवलीस का?" रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, "कागदावर काय लिवलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "मी सापडले म्हणून."

"हां," ते म्हणाले.

मग गावात मामा सांगत फिरले की पोरीनं सही केली म्हणून मी सुटलो. पोरगी शिकल्याचा उपयोग झाला. पारावर, देवळात, लग्नात. आधी ती यादीतलं नाव खोडल्याची गोष्ट सांगायचे, तिच्या जोडीला आता ही. मी तिथून उठून जायचे. लोकांना वाटायचं पोर लाजली.

मी होस्टेल सोडलं. मावशीकडं राहून नांदेडला बारावी केली, बी.एस्सी. केली, डॉक्टर झाले नाही. आज माझ्या हाताखालून दर वर्षी पाच-पंचवीस डॉक्टर होतात, गावानं तेवढ्यावर समाधान मानलं. लग्न झालं, लेक झाली. दर पंचमीला गावी जात राहिले. एकच बदल झाला होता. मामा मला वाटी लावायला येत नसत. मी निघाले की त्यांना गोठ्यात काहीतरी काम निघायचं. मामीच फाट्यापर्यंत यायची. मी मनाशी म्हणायचे, पाय दुखतात त्यांचे. किंवा त्या शब्दाचाच त्यांनी धसका घेतला असेल. माणूस स्वतःला हजार कारणं देतो.

तर त्या सिनेमानंतरच्या आठवड्यात मी एसटीनं निघाले. लोहा, अहमदपूर, लातूर, दाराजवळची सीट. लेक येते म्हणाली, तिला नाही म्हटलं. तिला अजून काही माहीत नव्हतं आणि पहिलं ऐकायचा हक्क तिचा नव्हता. लातूर ओलांडताना बघितलं, होस्टेलं आता सात-सात मजली झाली आहेत. निलंग्याला उतरून रिक्षानं गावी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पंचमी नाही, सण नाही, मी एकटी. मामी म्हणाली, "सगळं बरं हाय ना?"

मामा अंगणात तूर पाखडत बसले होते. मी समोर उभीच राहिले. बसले असते तर बोलले नसते.

"मामा, त्या कागदावर मी सापडले असं नव्हतं लिहिलेलं."

ते पाखडत राहिले.

"त्यात लिहिलं होतं की मला तुमच्या वागण्याची भीती वाटत होती, म्हणून मी गेले. मी ते वाचलं होतं. वाचून सही केली. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

सूप थांबलं. मामी चुलीपाशी होती, तिचाही आवाज थांबला. मामांनी सुपातला एक खडा काढला आणि बाजूला टाकला.

"ठावं हाय," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले.

"ठावं हाय म्हणलं की. जमादारानं वाचून दाखिवला व्हता. मला सोडायच्या आदी. बघ म्हणला, तुजी भाची काय लिवतीय तुज्यावर. सही बी दाखिवली. खाली रेघ मारलेली."

रिक्षात त्यांनी विचारलं होतं, कागदावर काय लिवलं. त्यांना माहीत असताना विचारलं होतं. मला रडू आलं, आणि रडण्याच्या आधी राग आला, तो मी लपवला नाही. "मग वीस वर्षं तुम्ही बोलला का नाहीत? गावभर सांगत फिरलात, पोरीनं सोडवलं म्हणून. माझ्यासमोर. मला काय होत होतं तुम्हाला कळत होतं?"

"कळत व्हतं."

"मग?"

"तू सोडवलीसच की. ते बी खरंच हाय." ते थांबले. "आन् गावाला काय सांगू? कुणी तरी दुसरं काय सांगायच्या आदी म्या सांगून ठिवलं."

हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. कागद ठाण्याबाहेर पडला असता, जमादाराची जीभ सैल सुटली असती, तर गावात आधीच दुसरी गोष्ट तयार होती, शंभरदा सांगितलेली. ती त्यांनी स्वतःसाठी सांगितली का माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही.

"माज्यापाशी बोलशील म्हणून बघत व्हतो," मामा म्हणाले. "पहिल्या पंचमीला वाटलं, आता बोलंल. मंग दुसऱ्या. तू निघालीस की मला तितं उभारवत न्हवतं. न बोलता चालली म्हणून." मग म्हणाले, "लई वाट बघायला लावलीस माय."

त्यांनी मला माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. तो निम्मा राग कुणावर होता, ते मला त्या अंगणात नीट कळलं. जमादारानं एक शब्द बदलला. मी सगळा कागद वाचून खाली रेघ मारली होती. मामीनं चहा आणला, आम्ही तिघं बसून प्यायलो, आल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा बसले. तुरीला काय भाव, लेकीची परीक्षा कधी, असलं बोललो. पाच वाजता मी उठले. फाट्यावरून सव्वापाचची लातूर गाडी असते.

मामीनं पदर खोचला, नेहमीप्रमाणं. मामा भिंतीला धरून उठले आणि काठी शोधायला लागले.

"तुमी कुटं?" मामी म्हणाली. "बसा की गप. पाय सुजत्यात चालून."

"पोरीला वाटी लावून येतो," मामा म्हणाले.

त्यांनी माझी पिशवी घेतली. मी ओढायला बघितली, दिली नाही. फाटा अर्ध्या कोसावर आहे, आम्हाला पाऊण तास लागला, सव्वापाचची गेली आणि आम्ही पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहिलो. फारसं बोललो नाही. गाडी आली तेव्हा त्यांनी पिशवी आत दिली आणि म्हणाले, "बस. मागं बघू नको."

गाडी सुटली. दाराजवळची सीट रिकामी होती. मी ती सोडून थेट मागच्या काचेपाशी गेले आणि बघत राहिले. काठीवर भार टाकून मामा रस्त्याच्या कडेला उभे होते, दुखरा पाय जरा उचललेला. कंडक्टर तिकीट द्यायला आला. म्हणाला, "मॅडम, बसून घ्या की, जागा हाय."

"बसते," मी म्हटलं. "माझं माणूस उभं आहे अजून."